दारावरचं भांडण

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या एका बिडी कारखान्यात दारावरून महाभारत पेटलं होतं. आत कोपऱ्यात बसणाऱ्या गोजरबाईचा जीव उकाड्यानं कासावीस व्हायचा, म्हणून ती दार उघडायची. दारापाशी बसणारी निंगव्वा ते धाडकन लावायची. ‘माझा घाम दिसत न्हाय हिला,’ गोजरबाई करवादायची. एका डब्यात जेवणाऱ्या ह्या बाया, पण आठवडाभर अबोला!

शेवटी मुकादम धोंडप्पा कावला. “आजपासनं जागा बदला. एक शबुद बोलू नका.”

गोजरबाई तोऱ्यात दारापाशी बसली आणि तिनं दार सताड उघडलं. जीव कसा गार झाला. पण घटकाभरात भिजवलेली पानं वाऱ्यानं सुकली आणि बिडी वळायला घेतली की तडकायला लागली. निंगव्वा दार का लावते, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. तिनं वळून पाहिलं, तर कोपऱ्यात निंगव्वा घामानं निथळत होती.

गोजरबाई मुकाट्यानं दार लावायला उठली.

“उघडं र्‍हाऊ दे की!” निंगव्वा ओरडली. “हितं बसतीस तरी कशी तू?”

“आन तू हितं दारात पानं कशी सांभाळतीस, बाई?”

पाचच मिनिटांत दोघींनी भिजवलेलं गोणपाट उघड्या दारात टांगलं. वारंही आलं, पानंही ओली राहिली.

धोंडप्पानं कपाळाला हात लावला. “आठवडाभर हे सुचलं न्हाय व्हय तुमाला?”

“सुचंल कुटनं?” गोजरबाई फणकारली. “बोलत कुटं हुतो आमी?”