यार्डातले बारा जण

माधवनगर रस्त्यावरच्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीत दुधाचे बत्तीस टँकर होते, आणि सुरेखाच्या हातून चावी घेतल्याशिवाय एकही फाटकाबाहेर पडत नसे. फ्लीट मॅनेजरच होती ती. कुणाची झोप झालेली नाही, कुणाच्या तोंडाला वास येतो, कुठला टायर झिजलाय, सगळं तिला ठाऊक. बापाच्या वयाचे ड्रायव्हर तिच्यापुढं मान खाली घालून उभे राहत.

मंगळवारी सकाळी बिराप्पा चावी मागायला आला. उजव्या मुठीचे सांधे फुटलेले, हात सुजलेला.

"काय झालं?"

"दारात सापडला, मॅडम."

"दारात सापडल्यावर नख काळं पडतं. सांधे फुटत न्हाईत. बायको कुठं हाय तुमची, सुलाबाई?"

बिराप्पा ओशाळून हसला. "पडलीया घरात. आवं, घरातलं भांडान ते. तुमी कशाला मनावर घेताय?"

"आज गाडी न्हाई तुमाला. जावा."

ती हे ठामपणे बोलली खरी, पण पदराखाली तिची स्वतःची पाठ पेटली होती. काल जेवणाच्या वेळी पसरणी घाटात टँकर बंद पडला, ड्रायव्हरचे तीन फोन आले. तिसऱ्या फोनला नवऱ्यानं, आर्जवनं, ताट भिरकावून कंबरेचा पट्टा काढला. त्या घरात पाणी गाळून पीत, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून सासू चंदनाबाई जपून पाऊल टाकत. पट्ट्याचे फटके ऐकत त्या पलीकडच्या खोलीत जप करत राहिल्या. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. 'उद्यापासनं नोकरी बंद' असं आर्जवनं बजावलं होतं, तरी सकाळी ती मागच्या दारानं कामावर आली.

दहाच्या सुमारास आर्जव यार्डात शिरला. काही न बोलता त्यानं तिला केसाला धरून बाहेर ओढलं आणि टँकरच्या चाकावर तिचं तोंड आपटलं. ओठ फाटला, दात तुटून रक्त हनुवटीवर ओघळलं.

"सांगितलेलं कळत न्हाई व्हय तुला?"

खाली पडलेला टायरचा पाना त्यानं उचलला. तिनं हात आडवा धरला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

सगळे म्हणजे बारा जण. रोज तिच्या शब्दावर थांबणारे आणि निघणारे. गाडी न मिळालेला बिराप्पाही अजून फाटकापाशीच रेंगाळत होता. "नवरा-बायकोचं हाय बाबा," कुणीतरी पुटपुटलं. मालक सयाजीराव केबिनच्या दारात आले. "आर्जवराव, आत बसून बोला की. बाहेर बरं दिसत न्हाई," एवढं बोलून ते आत गेले.

दुसरा घाव खांद्यावर बसला. जमिनीवरून तिला नुसते पाय दिसत होते. एकही पाय हलत नव्हता. तेव्हा ती रोजच्या हुकमी आवाजात ओरडली, "बिराप्पा! फाटक लावा!"

विचार करायच्या आधीच बिराप्पाचे पाय हलले. त्यानं फाटक लावून कुलूप घातलं आणि धावत येऊन पाना हिसकावला. "बास! मरंल की ती!"

"माझी बायको हाय!" आर्जव किंचाळला.

बिराप्पानं पाना पाठीमागं धरला. काल स्वतःच्या उंबऱ्यात तोही शेजाऱ्यांना हेच म्हणाला होता.

सुरेखानं डाव्या हातानं पोलिसांना फोन लावला. पोलीस येऊन घेऊन जाईपर्यंत आर्जव बंद फाटकाच्या आतच अडकून राहिला.

हाताला प्लास्टर घालून ती दुपारी चौकीत बसली. हवालदार म्हणाले, "रागाच्या भरात झालं असंल, ताई. मिटवून टाका."

चंदनाबाईंनी हात जोडले. "पोरी, देवळात तोंड कसं दावायचं आमी?"

"आत्या, काल मी तुमालाच हाका मारत हुते. लिहा, साहेब."

"साक्षीला कोण?"

सयाजीराव म्हणे त्या वेळी फोनवर होते. बाकीच्यांना आपापल्या खेपा आठवल्या. दारात एकटा बिराप्पा उरला.

"मी बी तसलाच हाय, मॅडम," तो म्हणाला. "माझी सही चालंल?"

"चालंल. पर सही करून तुमी सुटणार न्हाई. सांजच्याला सुलाबाईला घिऊन यायचं. तिचीबी तक्रार लिहायची हाय."

बिराप्पानं सुजलेल्या हातानं पेन उचललं. मग त्यानं सही केली.

दिवस मावळताना सुलाबाई आली. एक डोळा मिटलेला, चालताना कुशीवर हात. बिराप्पा बाहेर पायरीवरच बसला. सुरेखानं खुर्ची पुढं ओढली, सुलाबाईला बसवलं आणि हवालदाराकडं वळून म्हणाली, "साहेब, नवा कागद घ्या."