उलटा हात

ऑफिसात मला मागून 'हाय व्होल्टेज' म्हणतात. म्हणोत बापडे. एकतीस वर्षं विजेची इन्स्पेक्टर आहे मी, आणि एवढ्या वर्षांत माझी सही कुणाच्या बापाला विकत घेता आली नाही, असं छाती पुढे काढून सांगायचे. गेल्या महिन्यापर्यंत सांगायचे.

गेल्या महिन्यात एका शाळेच्या गच्चीवरचं सोलर तपासायला मीच गेले. शाळा माझ्या धाकट्या भावाच्या वॉर्डातली. तो नगरसेवक. बाहेर त्याला साहेब म्हणतात, घरी तो अजून बारक्याच आहे. सहा वर्षं त्याने सभागृहात एकच धोशा लावलाय: चाळीस शाळांच्या गच्च्यांवर सोलर बसवा, म्हणजे कोळशावर चालणारं जुनं वीज केंद्र बंद करता येईल. ही पहिली शाळा नमुन्याची. ती पास झाली की उरलेल्या एकोणचाळीस शाळांवर मतदान.

ते केंद्र बंद होणं हा आमच्यासाठी नुसता राजकारणाचा विषय नव्हता. आई एक्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर रोज काजळीचा थर बसतो आणि ती दिवसातून तीनदा तो पांढऱ्या फडक्याने पुसते. पुसते आणि खोकते. डॉक्टर म्हणाले, यांची हवा बदला. हवा म्हणजे काय पडदा आहे, काढला आणि दुसरा लावला?

तर तपासणी. सोलरच्या लोखंडी चौकटीतून एक तार जमिनीत जाते. आत काही बिघाड झाला तर वीज माणसाच्या अंगातून न जाता त्या तारेने मातीत उतरावी, म्हणून. त्याला अर्थिंग म्हणतात. माती वीज किती सहज घेते ते मी यंत्राने मोजते. आकडा पाचच्या आत हवा. साडेतीन आला. मी सही ठोकली.

आता खरं सांगते. माझा बूट चिखलाने भरला होता. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता, सगळं मैदान भेगाळलेलं, आणि नेमका तार पुरलेल्या खड्ड्याभोवती चिखल! ओली माती वीज पटकन घेते. तपासणीच्या आधी ठेकेदार खड्ड्यात पाणी ओततात, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. इतर कुठे असते तर ठेकेदाराची सालटी काढली असती. इथे मी बूट गवताला पुसला आणि गाडीत जाऊन बसले. मला कुणी काही दिलं नाही, कुणी धमकावलं नाही. ते सोलर पास व्हावं असं मलाच वाटत होतं, एवढंच.

यंत्राबरोबरची एक लोखंडी सळी त्या दिवशी मातीतच राहिली. पुढच्या एका तपासणीला ती लागणार होती, म्हणून आठ दिवसांनी मी ती आणायला गेले. सकाळचे आठ वाजले होते आणि त्याच दिवशी अकराला मतदान होतं. शाळेचा शिपाई मला बघून म्हणाला, "मॅडम, आज पाणी नाही ना ओतायचं? त्या दिवशी पहाटेपासून बारा बादल्या ओतायला लावल्या ठेकेदाराने. कंबरडं मोडलं माझं."

मी यंत्र काढलं. कोरड्या मातीत मोजलं. बेचाळीस.

मी जिन्याकडे पाहिलं. गच्चीच्या जिन्याचा लोखंडी कठडा त्याच चौकटीला जोडलेला होता, आणि पोरंसोरं त्या कठड्यावरून हात घासत खाली उतरत होती. मी ओरडून सगळ्यांना बाजूला केलं. मेन स्विच पाडला, पेटीला माझं कुलूप लावलं, जिन्यावर कुणी जाऊ नये म्हणून शिपायाला बसवलं आणि बारक्याला फोन केला.

तो इस्त्रीच्या शर्टात, घामाघूम होऊन आला. सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, स्विच बंद केलास ना? मग आज कुणाला धोका आहे?"

"आज नाही."

"खड्डा नव्याने करायला किती दिवस?"

"पंधरा."

"मग करू ना! मी स्वतः उभा राहीन. सही मागे घेतल्याचा कागद तू उद्या दे. उद्या. आज हे हाणून पाडलं तर विरोधक वीज केंद्राला पाच वर्षांची मुदतवाढ मंजूर करतील. टपूनच बसलेत. आईचा खोकला ऐकतेस ना तू?"

खोटं काहीच बोलत नव्हता तो. हेच तर अवघड होतं. कुणी लबाड समोर असता तर मी त्याला तिथेच उभा सोलला असता.

"एकोणचाळीस शाळांना हाच ठेकेदार आहे," मी म्हटलं. "माझी सही दाखवून कामं घेणार, आणि प्रत्येक ठिकाणी बारा बादल्या ओतणार."

"त्याला मी बघून घेतो."

"बरं. मग कठड्याला हात लाव."

"काय?"

"वीज बंद आहे. मी टेस्टर लावून पाहिलंय. लाव हात."

तो पुढे झाला आणि त्याने हात लावला. उलटा हात.

आमचे बाबा लाइनमन होते. अनोळखी लोखंडाला कधी तळहात लावायचा नाही, हे त्यांनी आम्हाला अगदी लहानपणी शिकवलं. करंट असला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटून बसतो. उलटा हात असेल तर झटक्याने दूर होतो. बारक्याने आयुष्यात कधी पकड हातात धरली नाही, पण बाबांचं एवढं मात्र त्याच्या अंगात भिनलेलं होतं.

त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग कठड्याकडे.

"पोरं तळहाताने धरतात रे," मी म्हटलं.

त्याने हात मागे घेतला. मग म्हणाला, "दे तो कागद."

मी वहीचं पान फाडून लिहिलं: आकडा ओल्या मातीतला होता, चिखल मला दिसला होता, सही मागे घेते. 'चिखल मला दिसला होता' यावर तो म्हणाला, एवढं कशाला लिहितेस, नोकरी जाईल. मी म्हटलं, राहू दे.

सभागृहात तो पत्र स्वतः वाचायला उभा राहिला. पहिल्या ओळीलाच समोरच्यांनी बाकं वाजवायला सुरुवात केली. एकजण ओरडला, "बहीण-भावाने मिळून पोरांच्या जिवाशी खेळ मांडलाय!" मी मागे प्रेक्षकांत बसले होते. उठून त्याला चार शब्द सुनावावेत असं वाटलं, पण कुठल्या तोंडाने सुनावणार? सोलर बारगळलं. केंद्राला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. बारक्या बाहेर येऊन सरळ गाडीत बसला.

घरी आई दारातच उभी होती. "काय झालं?"

मी सगळं सांगितलं. चिखलासकट. ती खुर्चीत बसून खोकली, खूप वेळ. मी पाणी दिलं.

"तुझ्या बाबांनीसुद्धा हेच केलं असतं," ती म्हणाली. मला जरा बरं वाटतंय तोच पुढे म्हणाली, "आणि मी त्यांच्याशीही भांडले असते. पाच वर्षं म्हणजे मी नाही बघत ते आता."

"आई, असं नको ना बोलूस."

"बोलू नको तर काय करू? चिखल दिसला तेव्हाच बोलली असतीस तर पंधरा दिवसांत खड्डा झाला असता. मतदान पुढे ढकललं असतं बारक्याने."

शाळेतून निघाल्यापासून हेच मी मनात घोळवत होते, आणि तिला ते कळायला एक मिनिटही लागलं नाही.

तिने खिडकीच्या कट्ट्यावरून फडकं उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

"घे. आजपासून तू पूस."

मी दोन्ही हातांनी घेतलं.