श्रावणात वाजलेली वरात

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा: तुमचे पोट आंब्याच्या लाकडाचे आहे, दोन्ही बाजूंना चामडे ताणले आहे आणि कुणी टोला दिला की सारी गल्ली दणाणते. जमले? मग तुम्ही आता माझ्यासारखेच झालात. मी एक जुना ढोल आहे, पारोळ्याकडच्या एका छोट्या गावातल्या लग्नाच्या बँडमधला.

धुळ्याच्या एका कारागिराने मला घडवले आणि बँडमधल्या छगनने खांद्यावर घालून गावात आणले. उन्हाळाभर माझी केवढी चैन! मांडवातला नारळ फुटला, की छगनचा हात आपोआप वरातीच्या ठेक्यावर जाई, नवरदेवाची बहीण करवली होऊन, पाण्याने भरलेला कऱ्हा घेऊन पुढे चाले आणि म्हातारेसुद्धा नाचू लागत. पण लग्नसराई संपली, की मी खुंटीवर. पावसाळ्यात चामडे ओल धरी, उंदीर दोऱ्या कुरतडत. मित्रांनो, वाद्याला काम नसले तरी अधूनमधून ऊन दाखवत जा. तेही वाट पाहत असते.

म्हणून १९५५ च्या श्रावणात छगनने मला खाली काढून शेकोटीपाशी शेकले, तेव्हा मला आनंदाने धीर धरवेना. श्रावणात कुणाचे लग्न? लग्न नव्हतेच. पलटणीत असताना मरण पावलेल्या गावच्या तीन जवानांसाठी चौकात दगड उभा केला होता. पंधरा ऑगस्टला शाळेपासून तिथवर त्यांच्या तसबिरींची मिरवणूक निघणार होती आणि तिच्यापुढे आमचा बँड!

धीमी, दुःखाची धून वाजवायची होती. निवृत्त हवालदार भाईदासभाऊंनी आठवडाभर ती शिकवली. छगनचा हात घाईला आला, की ते विचारत, नवरदेवाची गाडी चुकते आहे का?

तो दिवस उजाडला. शाळेपुढे केवढी गर्दी! शेवंताबाई आपल्या अभिमनची तसबीर पदराने पुसत उभी होती. काश्मीरच्या लढाईत तो गेला, तेव्हा त्याचे लग्न ठरलेले होते. शेजारी त्याची धाकटी बहीण सुगंधा. भाऊ घर सोडून गेला तेव्हा ती पाळण्यात होती. तो तिला तसबिरीपुरताच ठाऊक. रांगेत गप्प उभे राहायचे, हलायचे नाही, असे गुरुजींनी तिला बजावले होते.

गावचे प्रमुख बन्सीलाल नाना पुढे झाले आणि त्यांनी नारळ फोडला.

झाले! छगनचा हात सवयीने उसळला, सनई त्याच्यामागे धावली आणि भर शोकसभेत वरात दणाणू लागली. लोक थिजले. नाना लालबुंद झाले.

"छगन, आठे काय लगीन शे का?"

माझा आवाज तुटला. आता बँडला घरी पाठवणार, आणि पुन्हा कुणी आम्हाला बोलावणार नाही, एवढेच मला कळत होते.

तेवढ्यात शेवंताबाई पुढे आली.

"नाना, बंद करू नका. मना पोऱ्यानी वरात निंघनीच नही. आज निंघू द्या."

नानांनी उरलेल्या दोन जवानांच्या घरच्यांकडे पाहिले. दुसऱ्या जवानाचे वडील जीवराम आबा काठी टेकत पुढे आले. मग ते छगनला म्हणाले, "वाजाड रे. बठ्ठासना करता वाजाड." सगळ्यांसाठी, तिन्ही पोरांसाठी!

मित्रांनो, मी आयुष्यात तसा कधी वाजलो नाही! गेलेल्यांची नावे दगडावर कोरा, अवश्य कोरा; पण त्यांच्या घरच्यांना काय हवे आहे, तेही एकदा विचारा.

तसबिरी निघाल्या. वरातीच्या पुढची करवलीची जागा मात्र मोकळीच राहिली. तिथे कुणी चालायचे ते कुणालाच उमजेना. तेव्हा सुगंधा रांगेतून बाहेर पडली. दगडापाशी शिंपडायला न्यायचा म्हणून शाळेच्या पायरीवर भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या तिने उचलला, डोक्यावर पदर नव्हता म्हणून फ्रॉकचा घेर सारखा केला, आणि भावाची करवली होऊन ती वरातीच्या पुढे चालू लागली.