खंडेनवमीला न उघडलेला नट

मित्रांनो, मी मिरजगावच्या आसपासच्या वस्त्यांवरून दूध गोळा करणारी एक जुनी पिकअप गाडी आहे. माझ्या आयुष्यात तुम्हाला सांगण्यासारखं काही आहे का, याची मला खात्री नाही. कंटाळा आला तर मध्येच सोडून द्या, मला राग येणार नाही. पण गेल्या पावसाळ्याच्या शेवटी जे झालं, ते सांगून ठेवावं असं वाटतं.

माझी पहिली सात वर्षं सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत गेली. तिथे मी लोखंडी सुटे भाग वाहत असे. सगळे मला नंबराने ओळखत. मग मच्छिंद्रने मला घेतलं. त्याची आई बनुबाई हिने माझ्या चाकांवर पाणी घातलं, बायको रेश्माने बॉनेटवर हळदकुंकू लावलं आणि लोखंडाच्या जागी माझ्या पाठीवर दुधाचे कॅन आले. सकाळ-संध्याकाळ चाळीस घरांचं दूध डेअरीवर पोचवायचं, एवढंच माझं काम. मच्छिंद्र गाडी चालवतो, रेश्मा शेजारी बसते आणि दूध मापून घेते.

दुधात पाणी किती, हे मच्छिंद्रला लॅक्टोमीटरच्या यंत्राआधी कळतं. अंगठ्याच्या नखावर तो एक थेंब सोडतो आणि तो कसा ओघळतो ते बघतो.

"मामी, म्हशीनं आज पानी लई पिलं व्हय?" तो एखादीला विचारतो.

"म्हैस पानीच पिनार. तुझ्यावानी दर दाराला च्या पित न्हाई ती," मामी म्हणते. सगळे हसतात, पण दुसऱ्या दिवशी दूध घट्ट येतं.

खंडेनवमीच्या आदल्या सकाळी पावसाने ओढा फुगला. डेअरीच्या रस्त्यावरचा फरशी पूल दिसेनासा झाला. मागे बारा कॅन भरलेले होते. मच्छिंद्र थोडा वेळ थांबला आणि मग त्याने मला पाण्यात घातलं. पाणी दिव्यांपर्यंत आलं. चाकांखालची फरशी मला चाचपडत शोधावी लागत होती. आम्ही पलीकडे निघालो खरे, पण ते धाडस चांगलं नव्हतं. पाणी वीतभर जास्त असतं तर आज ही गोष्ट सांगायला मी उरले नसते, आणि ती दोघंही.

गावात मात्र कौतुक झालं. "गाडी न्हाई, होडी हाय ही!" पारावरचे लोक म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मच्छिंद्रने मोटारीच्या नळीने मला चकचकीत धुतलं. झेंडूचा हार घातला. बनुबाईने माझ्या पुढ्यात पाट मांडला आणि माझा जॅक, माझे पाने त्यावर ठेवून त्यांना कुंकू लावलं. दुपारी अल्लाबक्ष चाचा जेवायला आले. मिरजगाव रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे आणि माझ्या पोटात काय आहे ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. हार बघून ते हसले, मग खाली वाकून माझ्या मागच्या दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा बघत राहिले.

"मच्छिंद्र, मागचा गोळा गरम असताना गार पाण्यात बुडाला असंल. आत पानी खेचलं जातं. एक नट उघडून तेल बघू, दोन मिनिटांचं काम हाय."

बनुबाई पुढे झाली. "चाचा, आज हत्याराला हात लावायचा न्हाई. पूजेला मांडल्यात."

"बरोबर हाय, आक्का. मग उद्या."

उद्या दसरा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचा लग्नाला नगरला गेले. मच्छिंद्रने मनात म्हटलं असेल, गाडी तर चालते आहे. हार सुकला, पण नट उघडला नाही. मलाही वाटलं, आपण उगाच भितो आहोत. मी गप्प राहिले. गाडी गप्प राहते तेव्हा सगळं ठीक असतंच असं नाही.

चौथ्या दिवसापासून माझ्या मागच्या भागातून बारीक घुंई ऐकू येऊ लागली. ब्रेक दाबला की चिखल खरवडल्यासारखा आवाज येई. नेमकी कोजागिरी तोंडावर होती. त्या दिवशी दुधाला सगळीकडून मागणी. डेअरीच्या साहेबांनी बजावलं होतं, "या दोन दिवसांत गाडी चुकली, तर तुमच्या वस्त्यांवर दुसरी गाडी लावीन." मच्छिंद्रचं घर या फेऱ्यांवर चालतं.

कोजागिरीच्या आदल्या सकाळी दूध पोचवून परतताना रेश्मा म्हणाली, "गाडी थांबवा. आवाज वाढलाय."

"कोजागिरी झाली की दाखवू."

"कोजागिरीला वाटंत बसली तर? चाळीस घरांचं दूध उन्हात ठिवून काय आरती करनार हाय का?"

मच्छिंद्रने मला गॅरेजकडे वळवलं.

चाचांनी मागच्या गोळ्याचा नट सोडला. काळं तेल यायला हवं होतं. आलं ते दूध जास्त झालेल्या चहासारखं. मच्छिंद्रने सवयीने एक थेंब नखावर घेतला. तो सरसर ओघळला.

"काय म्हनतोय लॅक्टोमीटर?" चाचा म्हणाले. "गावाच्या दुधातलं पानी धरतोस आनि घरच्या तेलातलं सहा दिस दिसंना व्हय?"

मच्छिंद्र खाली बसला. "चाचा, आजची संध्याकाळची फेरी तरी होईल का?"

"होईल बी, न्हाई बी. बेअरिंग आत्ताशी ओरडायलंय. तुटलं तर चाक जागेवरच जाम हुईल."

मच्छिंद्र उठला. मग त्याने स्वतःच साहेबांना फोन लावला. "साहेब, संध्याकाळची गाडी येनार न्हाई. चूक माझी हाय. उद्या सकाळी सहाला येतो." पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही. "बरं," एवढंच तो म्हणाला. रेश्माने घरोघरी फोन करून सांगितलं, की संध्याकाळचं दूध घरीच विरजा.

चाचांनी ते सगळं तेल काढलं, आतून डिझेलने धुतलं, एक बेअरिंग बदललं, नवं तेल भरलं. ब्रेकच्या ड्रममधून ओढ्याचा वाळलेला गाळ ओंजळभर निघाला. पुढच्या चाकांचं ग्रीससुद्धा पांढरं पडलं होतं, तेही बदललं. हवेचा फिल्टर झटकला. दिवस मावळता मावळता त्यांनी मला एक चक्कर मारून आणलं. घुंई गेली होती.

कोजागिरीच्या सकाळी सहाला पाच कमी असताना मी डेअरीच्या दारात उभी होते. तिथे दुसरा एक टेम्पो आधीच आला होता. साहेब म्हणाले, "खालच्या वस्तीची पंधरा घरं आता याच्याकडं. बाकीची तुमच्याकडं राहू द्या. फोन केलात म्हणून." मच्छिंद्रने मान हलवली आणि कॅन उतरवायला लागला. पंधरा घरं गेली, पंचवीस राहिली.

मित्रांनो, गाडीला हार घालता ते आम्हाला आवडतं. पण खोल पाण्यात तिला घालूच नका. आणि घालावीच लागली, तर त्याच दिवशी तिचं तेल बघा, चाकं बघा, ब्रेक बघा. सण असला तरी बघा. लोखंड मुकं असतं. त्याला बरं नसलं की ते आधी हळू बोलतं, आणि मग एकदाच मोठ्याने.