दोन ओळींचा माफीनामा

"सोडा! सोडा म्हणते ना! अहो, कुणीतरी बाहेर काढा या बाईला!"

जळितांच्या वॉर्डातल्या बाकीच्या पाचही खाटांवरची डोकी तिकडे वळली. वळून पाहण्यासारखं काय होतं म्हणा! रोजचंच होतं. चार नंबरवरची कॉलरवाली खच्चून ओरडत होती, आणि तिचा उजवा हात मांडीवर घेऊन पक्कडबाई तिचं मधलं बोट तळहाताकडे वाकवत होत्या.

"ओरड," त्या म्हणाल्या. "ओरडायला कोण नको म्हणतंय? बोट तेवढं सैल सोड."

"मेले मी!"

"मेलेली माणसं एवढा आवाज करत नाहीत. आणखी थोडं."

मग कॉलरवालीने पक्कडबाईंच्या आईबापांचा उद्धार केला. पक्कडबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि पुढचं बोट धरलं.

पक्कडबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुठल्याशा पेशंटने पंधरा वर्षांपूर्वी रागाच्या भरात ठेवलेलं, ते वॉर्डाच्या भिंतींना चिकटूनच बसलं. त्या फिजिओथेरपिस्ट. सत्तावीस वर्षं माणसांची आखडलेली बोटं, कोपरं, माना वाकवण्यात गेली. हॉस्पिटलात डॉक्टर जीव वाचवतात, सिस्टर धीर देतात, आणि पक्कडबाई दुखवतात, अशी कामाची वाटणी झालेली होती. घरी जाताना डॉक्टरांना पेढे मिळत, सिस्टरना मिठी मिळे. पक्कडबाई समोर दिसल्या की बरे झालेले पेशंटसुद्धा जिन्याची दुसरी बाजू धरत. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं त्या सांगायच्या. वाटत होतं. कुणाला वाटणार नाही?

कॉलरवाली कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. इस्त्रीच्या मोठ्या मशीनवरची बाई एक दिवस आली नाही म्हणून मुकादमाने हिला तिथे उभं केलं, आणि वरची तापलेली फळी हिच्या हातावर खाली आली. हाताची सगळी पाठ गेली. सर्जननी मांडीची कातडी काढून तिथे लावली, ऑपरेशन झकास झालं. पण नवी कातडी सुकता सुकता आवळत जाते आणि बोटांना मागे खेचून धरते. पहिल्या दोनेक महिन्यांत ती रोज वाकवली तर हात परत येतो. ते दिवस गेले की हात जसा राहिला तसा जन्मभराचा. हे पक्कडबाईंना पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच त्या कुणाच्या किंकाळ्यांना भीक घालत नसत.

तिचा नवरा मात्र बाहेरच्या बाकावर कानांवर हात ठेवून बसे. सज्जन माणूस. बायकोवर जीव. सज्जन माणसं चिडली की आवाज चढवत नाहीत, लिहितात.

आणि लिहायची सोय हॉस्पिटलने करूनच ठेवली होती. त्या वर्षीपासून 'करुणा सन्मान' सुरू झाला होता. मजल्यामजल्यावर पेट्या टांगल्या होत्या, कौतुकाला गुलाबी कार्ड, तक्रारीला पांढरं. गुलाबी कार्डांचा ढीग लागला होता माईंच्या नावाने. माई म्हणजे आठवड्यातून चार दिवस येणाऱ्या स्वयंसेविका. पांढरे केस, मऊ आवाज, पिशवीत गोष्टींची पुस्तकं आणि हाताला लावायचं क्रीम. बाई लबाड असती तर बरं झालं असतं, निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण ती खरोखरच चांगली होती. कॉलरवालीच्या उशाशी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "दुखतंय ना? मग राहू दे गं आज."

पांढरं कार्ड एकच निघालं. 'ही बाई माझ्या बायकोचा छळ करते. हिच्यात माणुसकी नाही.'

सुपरिंटेंडेंट साहेबांनी ते टेबलावर पक्कडबाईंकडे सरकवलं. साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला कुठल्याही गोष्टीचा कागद व्हावा लागे, मग तो तिच्याकडे पुन्हा बघत नसे.

"बाई, तुमच्या कामाबद्दल कुणाची तक्रार नाही."

"मग ही काय आहे? लग्नपत्रिका?"

"अहो, दीड महिन्यावर सन्मानाचा कार्यक्रम आहे. बाहेरचे पाहुणे यायचेत. त्याआधी ही निकाली निघायला हवी. दोन ओळी लिहून द्या. 'माझ्या वागण्यामुळे त्रास झाला असल्यास मी दिलगीर आहे.' झालं. सोमवारपासून परत वॉर्डात."

"नाही दिल्या तर?"

"तर तोपर्यंत तुम्ही खाली ओपीडीत. कंबर, गुडघे."

"आणि तिची बोटं? तिचे हेच दिवस आहेत साहेब."

"नवीन मुलगी आलीय ना तुमच्या हाताखाली."

"ती? पेशंट 'आई गं' म्हणाली की तिच्याच डोळ्यांत पाणी येतं. ती काय बोटं वाकवणार, कपाळ?"

"म्हणूनच म्हणतो, लिहून टाका."

पक्कडबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सत्तावीस वर्षं ज्या हातांनी लोकांना घास तोंडात घालता येईल असं करून दिलं, त्या हातांनी आता छळ केल्याचं लिहून द्यायचं? त्या उठल्या.

"माझ्या हातून गुन्हा झाला असेल तर काढून टाका मला. माफीबिफी मिळायची नाही," म्हणाल्या, आणि दार आपटून गेल्या. दार असं आपटलं की बाहेरच्या टायपिस्टच्या हातातला कप हिंदकळला.

घरी लेकीने ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, लिहून टाक की. त्यांना कागद हवाय, तुझं काळीज नकोय."

"लिहिलं म्हणजे कबूल केलं."

"कुणी वाचणारसुद्धा नाही गं ते. फायलीला लावतील."

"मी लिहिलेलं मला तरी माहीत असेल ना? तू गप्प बस. तुला नाही कळायचं."

या घरात आईपुढे गप्प बसण्याची सवय सगळ्यांनाच होती.

मग पक्कडबाई ओपीडीत गुडघे बघू लागल्या, आणि खरं सांगायचं तर वाट बघू लागल्या. आज बोलावतील, उद्या बोलावतील. बोटं आखडायला लागली की धावत येतील खाली, 'बाई, चला' म्हणतील. अडू दे जरा माझ्यावाचून, कळू दे एकदा! हे त्या मोठ्याने कधी बोलल्या नाहीत, पण मनात रोज घोळवत होत्या. त्यात एक कडवट गोडीही होती.

कुणी धावत आलं नाही. वॉर्ड कसा शांत झाला होता! सगळे खूश होते. नवीन मुलगी खूश, नवरा खूश, बाकीच्या पाच खाटा तर फारच खूश. स्वतः कॉलरवाली सगळ्यांत खूश.

दहाव्या दिवशी एक फाइल द्यायचं निमित्त करून पक्कडबाई वर गेल्या. दारातूनच दिसलं. माई गोष्ट वाचत होत्या, कॉलरवाली हसत होती, आणि तिचा उजवा हात मऊ उशीवर क्रीम लावून ठेवला होता, बोटं सरळ. पक्कडबाईंना मोजपट्टी लागत नसे. किती गेलं आणि किती उरलं ते त्यांना दारातूनच कळलं. अजून बरंच वाचवण्यासारखं उरलं होतं.

"बाई, आत या ना," वॉर्डच्या सिस्टर कुजबुजल्या. "मी कुणाला सांगत नाही. पडदा ओढून घेते. दहा मिनिटं बघा तिला."

"मला वॉर्डात बोलावणं नाही," पक्कडबाई म्हणाल्या, फाइल टेबलावर टाकली आणि जिना उतरल्या. चोरासारखं पडद्याआड मी काम करू? माझंच काम? उतरताना त्यांची मान अगदी ताठ होती.

आणखी दहा-बारा दिवसांनी कॉलरवालीला घरी सोडलं. व्यायामाचा छापील कागद बरोबर दिला. घरी नवऱ्याने तिला इकडची काडी तिकडे करू दिली नाही.

कार्यक्रमाला सगळ्या कर्मचाऱ्यांनी हजर राहायचं असं सर्क्युलर होतं, म्हणून पक्कडबाई शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या. मंचावर फुलं होती, काचेची सन्मानचिन्हं होती, पाहुणे घड्याळ बघत होते. साहेबांनी करुणेवर वीस मिनिटं भाषण केलं. या वर्षी एकही तक्रार प्रलंबित नाही, हे त्यांनी खास सांगितलं. पेशंट घरी गेली तेव्हाच ते पांढरं कार्ड निकालात निघालं होतं.

माईंचं नाव पुकारलं. पुष्पगुच्छ द्यायला कॉलरवालीला मंचावर बोलावलं. नवी साडी नेसली होती. कुणीतरी गुच्छ तिच्या उजव्या हातात द्यायला गेलं, ती गडबडली, आणि तिने तो डाव्या हाताने घेतला. उजवा हात पोटाशी धरलेला, बोटं पुठ्ठ्यातून कापल्यासारखी ताठ. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या बोटांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माईंना रडू आलं.

"मी काहीच केलं नाही हो," त्या माइकवर म्हणाल्या. "मी नुसती बसले तिच्याजवळ."

'हे मात्र अक्षरशः खरं बोललीस,' पक्कडबाई मनात म्हणाल्या. पण तो टोमणा मनातसुद्धा नीट लागला नाही. आपण तर बसलोही नव्हतो.

त्या उठून बाहेर पायऱ्यांवर आल्या. मागे दार वाजलं.

"थांबा."

कॉलरवाली होती. आत फोटो चालले होते, तिथून सटकून आली होती.

"दोन ओळी लिहायच्या होत्या म्हणे."

"कुणी सांगितलं तुला?"

"सिस्टरनी. आत्ता, आत शिरताना. माझा हात बघून त्यांना राहवलं नाही."

"तक्रार तुझ्या नवऱ्याने केली होती. मी नाही सांगितली करायला."

"त्याच्याशी भांडून झालंय माझं. त्याला काय कळतं बोटांतलं? त्या माईंना काय कळतं? मला तरी काय कळत होतं? मला तर बरंच वाटलं होतं तुम्ही येईनाशा झालात तेव्हा. तुम्हाला कळत होतं. सगळ्या हॉस्पिटलात एकट्या तुम्हाला!"

"हे बघ—"

"तुम्हीच बघा! मी रोज तुम्हाला शिव्या घातल्या. आईबापांवरून घातल्या. तेव्हा लागल्या का तुम्हाला? एक बोट तरी सोडलंत का? मग त्या कार्डाने एवढं काय झालं? दोन ओळी लिहिल्या असत्यात तर काय हात झडला असता तुमचा?"

ती बोटं अज्ञानाने गेली नव्हती, मायेने तर नाहीच नाही. पक्कडबाईंच्या अकडीने गेली होती. एवढी शरम त्यांना आजवर कधी वाटली नव्हती.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"माफी घेऊन काय करू? भाजी चिरू तिने? हात बघा."

पक्कडबाई पायरीवर बसल्या. तिला शेजारी बसवून तो हात मांडीवर घेतला. एकेक सांधा दाबून पाहिला, कातडी चिमटीत धरून पाहिली.

"मूठ वळायची नाही आता," शेवटी म्हणाल्या. "खोटं नाही सांगत. कॉलरी विसर."

कॉलरवालीने मान खाली घातली. मग विचारलं, "आणि?"

"पेला धरशील. दाराची कडी काढशील. वेणीचं बघू. रोज यावं लागेल, आणि मागच्यापेक्षा दुप्पट दुखेल."

"मी शिव्या देईन."

"दे."

त्यांनी पहिलं बोट धरलं आणि वाकवलं. कॉलरवालीची किंकाळी आवाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली असेल. मागचं दार धाडकन उघडलं आणि शिपाई घाबरून बाहेर आला.

"अहो बाई, हे काय चालवलंय? आत पाहुण्यांचं भाषण सुरू आहे. सगळं ऐकू येतंय!"

"मग दार लावून घे," पक्कडबाई वर न बघता म्हणाल्या, आणि दुसरं बोट धरलं.