सड्यावर उतरलेली स्टेपनी

मी एक जुना टायर आहे. चाकूरच्या धोंडप्पांच्या जीपला मागच्या दारावर टांगलेला. मला सगळे स्टेपनी म्हणतात.

मित्रांनो, कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून मी बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगावर बारीक रबरी केस होते. नव्या टायरला ते असतातच, रस्त्यावर चालला की झडून जातात. माझे चार भाऊ पहिल्याच दिवशी जीपला लागले आणि त्यांचे केस आठवड्यात गेले. माझे मात्र नऊ वर्षे तसेच राहिले. भाऊ झिजले, बदलले गेले. लातूरच्या आडतीवरून धोंडप्पांच्या किराणा दुकानाचा माल आला, लग्नाची वऱ्हाडं गेली, सगळे त्या चाकांना शाबासकी देत. माझ्यावर कधी कुणी चिखलाचा हात पुसला, एवढीच माझी दखल. माझ्यातली हवा थोडी थोडी झिरपत होती. कुणी विचारलं नाही आणि मला सांगता येत नव्हतं.

धोंडप्पांची मुलगी सुकन्या वीज खात्यात लागली. आयटीआय करून, खांबावर चढायची परीक्षा देऊन ती वायरमन झाली होती. नेमणूक मिळाली कोकणात, राजापूर तालुक्यात. जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे जीपमध्ये तिची ट्रंक, गादी, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा असं सामान चढत होतं. सुकन्या घरात असताना तिची आई सिद्धम्मा मागच्या दारापाशी आल्या.

"दोन दिवस बघू द्या तिला तिथलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मंग समजावून वापस घेऊन या. त्या जंगलात, त्या पावसात खांबावर चढणार हाय का पोरगी?"

"हाव. घेऊन येतो," धोंडप्पा म्हणाले.

हे मी ऐकलं. सुकन्याने नाही.

मागे टांगलेल्याला प्रदेश मागे पडतानाच दिसतो. तुळजापूरचा घाट उतरून सोलापूर गेलं. मंगळवेढ्याकडे काळी सपाट रानं लागली. ज्वारी कणसावर आली होती आणि दूरवर एकही झाड नव्हतं. सांगोल्याला माळ सुरू झाला, त्यात मधेच डाळिंबाच्या बागा. मिरजेच्या पुढे हवेत ओलावा आला, उसाच्या गाड्या आडव्या येऊ लागल्या. एका मठात मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर टाकून डोंगरांत शिरलो आणि अणुस्कुऱ्याचा घाट उतरू लागलो. एवढी दाट झाडी मी कधीच पाहिली नव्हती.

सुकन्या सारखी खिडकीतून बाहेर बघत होती. धोंडप्पा मात्र प्रत्येक ठिकाणी खोड काढत होते.

"पाणी बघ कसं हाय इथलं. तुला सोसायचं न्हाई."

"सोसंल, अप्पा."

"माणूस दिसून राहिला का एक तरी?"

"खाली घरं असतील की."

घाट संपून बऱ्याच वेळाने आम्ही सड्यावर आलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. लाल-काळा खडबडीत दगड आणि वाळलेलं पिवळं गवत. रस्त्याचं काम चालू होतं. कडेच्या धारदार दगडाने मागचं डावं चाक कापलं आणि जीप एका बाजूला बसली.

नऊ वर्षांत पहिल्यांदा माझी गरज पडली होती. सुकन्याने पाना घेऊन मला उतरवलं, जमिनीवर ठेवून हाताने दाबलं. मी दबलो.

"अप्पा, ह्याच्यात हवाच न्हाई."

मित्रांनो, त्या क्षणी मला जी लाज वाटली ती मी आजही विसरलो नाही. मोबाइलला रेंज नव्हती. तासाभरात एकही गाडी आली नाही. धोंडप्पा गुडघ्याने अधू, त्यांना उतारावर चालवत नव्हतं.

"बघितलीस? ही असली जागा हाय. तिकडं घरी असतीस तर..."

सुकन्याने त्यांना पुढं बोलू दिलं नाही. "तुमी सामानापाशी बसा. मी खाली जाऊन हवा भरून आणते."

"एकटी?"

"टायर हाय की सोबत."

तिने मला उभं केलं आणि रस्त्यावर ढकललं. असा मी पहिल्यांदा चाललो. माती लाल होती, उतार तीव्र होता. मी दोनदा गडगडत पुढे पळालो, दोनदा तिने धावत येऊन मला अडवलं. तिचे तळहात काळे झाले. माझे रबरी केस त्या तीन किलोमीटरमध्ये झडून गेले.

खाली काजूच्या बागेत एक घर होतं. दारात स्कुटी होती, आणि अंजू नावाची पन्नाशीची बाई काजूच्या झाडांना पाणी घालत होती.

"टायर घेऊन कुठून आलीस गो?" तिने विचारलं.

"सड्यावरून. वर वडील हायत. पंप आहे का तुमच्याकडं?"

पायाने मारायचा पंप होता. दोघींनी आळीपाळीने मारला, घाम पुसत, गप्पा मारत.

"वायरमन? खांबावर तू चढणार?"

"चढते की. तुमच्या गावचे खांब माझ्याच हद्दीत येतात."

अंजू हसली. तिने सुकन्याला कोकमाचं सरबत दिलं, मला स्कुटीवर पायाशी आडवं घातलं, आणि आम्ही तिघं वर आलो.

धोंडप्पा दगडावर बसले होते. मांडीवर डबा होता, उघडलेला नव्हता. आम्हाला बघून ते धडपडत उठले.

"काका, घाबरलात काय?" अंजू म्हणाली. "पोर तुमची खमकी आहे. माझी एक खोली रिकामीच आहे. सोबत होईल मलाही."

सुकन्या मला चाकाच्या जागी बसवून नट आवळत होती. धोंडप्पा तिच्या शेजारी वाकले.

"माय, तुझ्या अव्वाला मी शब्द दिलो हुतो. तुला वापस घेऊन येतो म्हनलो हुतो."

सुकन्याचा हात थांबला. "मंग?"

त्यांनी जमिनीवरचा पुढचा नट उचलून तिच्या हातात दिला.

"मंग काय. खोली बघू," ते म्हणाले.

परतीचा सगळा रस्ता मी धावलो. जीपमध्ये धोंडप्पा एकटेच होते. चाकूरला जीपचं दार उघडून सिद्धम्मांनी आत पाहिलं. शेजारची जागा रिकामी होती. त्या घरात निघून गेल्या आणि चार दिवस धोंडप्पांशी बोलल्या नाहीत.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. जे रोज उपयोगी पडतं त्याची काळजी सगळेच घेतात. पण कोपऱ्यात गुपचूप टांगलेल्याला, कधी काही न मागणाऱ्यालाही अधूनमधून हात लावून बघा. त्याच्यातलं काय कमी होत चाललंय ते त्याला स्वतःला सांगता येत नाही.

इथेच थांबणार होतो, पण मे महिन्यातलं एक सांगायचं राहिलं. सिद्धम्मा स्वतःहून म्हणाल्या, "चला, बघून येऊ." अंजूच्या घरापाशी आम्ही पोचलो तेव्हा सुकन्या कामावर होती, वळणावरच्या खांबावर, कमरेला पट्टा, डोक्यावर पिवळं हेल्मेट. सिद्धम्मा जीपमधून उतरल्या, पदर डोक्यावर घेतला आणि खांबाखाली जाऊन मान वर करून उभ्या राहिल्या. बराच वेळ. "खाली उतर" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.