आपल्यातले

प्रफुल्लने स्टुलावर चढून बाबासाहेबांची तसबीर खिळ्यावरून अलगद उचलली आणि खाली बायकोच्या, मायाच्या हातात दिली. तिने ती पदराने पुसली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि आतल्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवली. परत आली तेव्हा हितेंद्र भिंतीपासून थोडा मागे सरून, डोळे बारीक करून बघत होता.

"आता ब्राइट वाटतं बघा, मॅडम."

"आणि हे?" मायाने कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीकडे बोट केलं.

"बुद्ध राहू दे. बुद्ध हल्ली सगळ्यांकडेच असतो." मग तिचा चेहरा बघून तो घाईने म्हणाला, "गणपतीपण काढायला लावतो हो मी लोकांना. मागे एका घरातला अख्खा देव्हारा उचलला. पार्टीला घर आपलं वाटलं पाहिजे, आधी राहणाऱ्याचं नाय. बाकी काय नाय त्यात."

हितेंद्र दलाल होता, पण लबाड नव्हता. आधीची दोन गिऱ्हाइकं घर आवडल्याचं सांगून गेली आणि मग त्यांनी फोन उचलणं बंद केलं. कारण कुणीच सांगितलं नाही. आज हितेंद्र लवकर आला, भिंतीकडे बघून जरा घुटमळला, आणि तेवढ्यावरून प्रफुल्लने स्वतःच स्टूल आणलं. तो नाही म्हणेल, असं मायाला वाटलं होतं.

परळच्या या टॉवरमधलं घर म्हणजे प्रफुल्ल तांबेकडे उरलेली शेवटची मोठी गोष्ट. घोडपदेवच्या चाळीत वाढलेला, गिरणीकामगार बुधाजीचा हा मुलगा बँकेत कारकून म्हणून चिकटला, रोख्यांच्या बाजारात तरबेज झाला आणि पुढे त्याने स्वतःची गुंतवणूक कंपनी काढली. व्याजाचे दर कुठे वळणार, हे त्याला आधी कळतं, असं बाजारात म्हणत. मिळवलं ते त्याने वडिलांच्या नावाच्या प्रतिष्ठानात ओतलं. डायलिसिस केंद्र उभं राहिलं, शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, निवृत्त होताना कंपनीतला हिस्साही त्याने तिकडेच दिला. आता घोडपदेवला मुलींच्या वसतिगृहासाठी एक जुनी इमारत मिळत होती. मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. तोवर हे घर विकलं गेलं नाही, तर इमारत बिल्डरकडे जाणार होती.

घर विकायचं मायाने आनंदाने मान्य केलं होतं. ती महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली होती. दहावीनंतर राहायला जागा नाही म्हणून शिक्षण सोडलेल्या मुलींचे चेहरे तिला अजून आठवत. पुढे राहायला माझगावात दोन खोल्या तिनेच पसंत केल्या होत्या, आणि घोडपदेवच्या इमारतीत कुठे खाट बसेल, कुठे टेबल, हेही तिनेच मोजून ठेवलं होतं.

अकराच्या सुमारास घर बघायला पद्मजा लिमये आल्या, सोबत मुलगा हेरंब. दादरची त्यांची इमारत पुनर्विकासाला जाणार होती. बाई हसऱ्या, मोकळ्या. स्वयंपाकघरात शिरताच त्यांनी ओट्यावरून हात फिरवला.

"किती लख्ख ठेवलंय हो! आमची सून बघेल तर लाजेल."

"आई, ती इथे नाहीये, तरी तू तिला लाजवतेयस," हेरंब म्हणाला. सगळे हसले. मायालाही हसू आलं. बाई तिला आवडल्या, आणि हेच तिला खटकलं.

हॉलमध्ये चहा झाला. पद्मजाबाईंनी खिडकीतून खाली बघितलं, मग प्रफुल्लकडे वळल्या.

"तांबे म्हणजे मूळचे कोकणातले ना?"

"हो. गुहागरजवळचं गाव."

"मग आपल्यातलेच की!"

प्रफुल्ल हसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्या हसण्यात कुठेही अवघडलेपण नव्हतं. हेच हसू मायाने त्याच्या कंपनीच्या मेजवान्यांमध्ये, कुणाच्या तरी मुलाच्या मुंजीत, पाहिलं होतं. तेव्हा ती स्वतःला समजावत असे, पाहुणचारातलं हसू आहे. आपल्यातले हा शब्द तिच्याही घरात होता. नवा डॉक्टर, नवा अधिकारी दिसला की तिची आई आवाज खाली आणून म्हणे, आपल्यातला आहे हं. तो शब्द इथेही तसाच्या तसा होता, फक्त आवाज खाली आणावा लागत नव्हता.

"एवढं सुंदर घर का सोडताय पण?"

"मॅडम, सर सगळं दान करतायत," हितेंद्र मध्येच म्हणाला. "मुलींचं हॉस्टेल काढतायत."

पद्मजाबाईंना खरोखर भरून आलं. "बरं करताय हो. कुणासाठी? नाहीतर बाकी सगळ्यांना सवलती आहेत, आपल्या मुलींसाठी कुणी काही करत नाही."

प्रफुल्लने कपातला चहा उगाच हलवला.

"आपल्याच मुलींसाठी आहे," तो म्हणाला.

"हेरंब, ऐकलंस? आपणही काहीतरी द्यायला हवं."

मायाने नवऱ्याकडे पाहिलं. तो खोटं बोलला नव्हता. एक अक्षरही खोटं नव्हतं. आता मला विचारलं, तर मी सांगणार, असं तिने मनाशी ठरवलं. आणि बायका नेहमी विचारतात ते पद्मजाबाईंनी विचारलंच.

"तुमचं माहेरचं आडनाव काय हो, मायाताई?"

शब्द जिभेवर होता. पण तेवढ्यात तिच्या डोळ्यांसमोर घोडपदेवची ती लांबट खोली आली. पूर्वेची खिडकी, भिंतीलगत बसणाऱ्या चार खाटा. महिनाअखेर आठवड्यावर आली होती.

"आम्ही देवरुखच्या," ती म्हणाली.

"देवरुखे! तरीच!" पद्मजाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "म्हणजे घरच्यांनी त्रास दिला असणार. माझ्या आत्याने देवरुखे ब्राह्मणांत लग्न केलं, तर आजोबा वर्षभर बोलले नव्हते तिच्याशी. आपल्या-आपल्यातसुद्धा काय काय असायचं ना! त्या काळात धाडस केलंत हो तुम्ही दोघांनी."

"हो," माया म्हणाली. "धाडसच म्हणायचं."

तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. हलका, हसरा, कुठेही न अडखळलेला. हे इतकं सोपं असतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं.

प्रफुल्लने कप खाली ठेवला. तो मायाकडेच बघत होता. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"कांबळे," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"हिचं माहेरचं आडनाव. देवरुखच्याच, पण कांबळे. आणि तांबे गुहागरचेच, पण आम्ही बौद्ध आहोत."

हेरंबने मोबाइलमधून मान वर केली. पद्मजाबाईंचं हसू जागचं हललं नाही. मायाच्या हातावरचा हातही त्यांनी लगेच काढला नाही. पदर सारखा करायचा होता, तेव्हा काढला.

"अच्छा, अच्छा. आम्हाला शाळेत एक कांबळेबाई होत्या. फार टापटीप असायच्या." मग त्या मुलाकडे वळल्या. "हेरंब, पार्किंग बघायचं राहिलंय ना रे?"

निघताना त्यांनी दोघांना नमस्कार केला. घर छानच आहे, कळवतो, म्हणाल्या. 'मायाताई' अशी हाक मात्र मारली नाही. हितेंद्र त्यांच्यामागून लिफ्टकडे गेला आणि अर्ध्या वाटेतून परत आला.

"सर, काय बोलायचंच नव्हतं. नुसतं बसायचं होतं." तो चिडला नव्हता, हताश झाला होता. लिफ्टचं दार वाजलं तसा पळाला.

माया कप गोळा करू लागली. एक कप बशीवर आपटला.

"आजच सुचलं तुम्हाला? त्या मुलींचं काय आता?"

"तुझ्या तोंडून ऐकवेना."

"आणि मला तुमचं गप्प बसणं इतकी वर्षं ऐकवत होतं?"

प्रफुल्ल हाताच्या पंजांकडे बघत बसला. बाजार पडला की तो असाच बसे, आणि मग उठून कुणाला तरी फोन लावे. आताही त्याने फोन उचलला.

"कुणाला?"

"घोडपदेवच्या मालकाला. थोडी मुदत मागतो."

"काय सांगणार? गिऱ्हाईक का फिरलं म्हणून?"

त्याने फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवला. घंटी वाजत राहिली, मग पलीकडून कुणीतरी उचलला.

"नमस्कार, प्रफुल्ल तांबे बोलतोय."

"बोला, तांबेसाहेब, बोला."

प्रफुल्ल फोनकडे वाकला. माया हातातला ट्रे तसाच धरून, तो पुढे काय म्हणतो ते ऐकत उभी राहिली.